प्रस्फोटन, वायुमिश्रणांतील

प्रस्फोटन, वायुमिश्रणांतील : ज्वालाग्राही वायू आणि हवा (किंवा ऑक्सिजन) यांच्या मिश्रणातून ज्वलन जेव्हा ध्वनिवेगापेक्षा अधिक वेगाने व तीव्र आघात तरंगाशी जखडून पुढे सरकते, तेव्हा त्या क्रियेला प्रस्फोटन किंवा डिटोनेशन म्हणतात. याउलट ज्वाला ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाने पुढे सरकत असेल, तर त्या क्रियेला साधा ज्वालाप्रसार म्हणतात. साध्या ज्वालाप्रसारात पेटलेल्या थरातील उष्णता शेजारच्या न जळलेल्या थरात संवहनाने व विसरणाने पोहोचते आणि तो थर पेटतो; ही क्रिया संथ असते. प्रस्फोटनात मात्र आघात तरंगामुळे वायूचे एकदम संपीडन होऊन तो इतका तापतो की, आपोआप पेट घेतो आणि त्याच्या ज्वलनातून मुक्त झालेली ऊर्जा त्या तरंगालाच टिकवून धरते. मिथेन व हवा यांच्या योग्य प्रमाणातील स्थिर मिश्रणात ज्वाला दर सेकंदास सु. ०·४ मी. एवढ्याच वेगाने सरकते. त्याच मिश्रणात प्रस्फोटन झाले, तर हा वेग दर सेकंदास सु. १,८०० मी. होतो. एकाच वायूच्या या दोन वर्तनांत चार हजार पटींहून अधिक फरक आहे. पहिल्या प्रकारची ज्वाला दुसऱ्या प्रकारात कशी व केव्हा रूपांतरित होते, हा ज्वलनशास्त्रातील एक जुना प्रश्न असून खाणी, तेलशुद्धीकरण कारखाने, खनिज तेलाची साठवण केंद्रे आणि अणुवीज केंद्रे यांची सुरक्षितता त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पूर्वेतिहास : या विषयाचा अभ्यास कोळशाच्या खाणींतील अपघातांतून सुरू झाला. कोळशाच्या थरांतून बाहेर पडणारा मिथेन हवेत सु. ५ ते १५ टक्के मिसळला म्हणजे ते मिश्रण स्फोटक बनते. इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर सर हंफ्री डेव्ही यांनी या प्रश्नाकडे लक्ष वळविले. अरुंद धातुनलिकेतून किंवा बारीक तारेच्या जाळीतून ज्वाला पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो, हे त्यांनी १८१५ मध्ये दाखविले आणि या तत्त्वावर खाणकामगारांचा सुरक्षा दीप बनविला. परंतु खाणीतील हवेचा झोत जोराचा असला, तर दिव्यातील ज्वाला जाळी ओलांडून बाहेर पडते, हे पुढे अनुभवास आले. ज्वाला थोपविणे हे केवळ वायूच्या गुणधर्मावर अवलंबून नसून ज्वाला किती वेगाने येते यावरही अवलंबून असते, याची ही पहिली सूचना होती; मात्र तिचा पूर्ण अर्थ उलगडण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

ज्वालेचा वेग मोजण्याचा प्रयत्न जर्मन रसायनशास्त्रज्ञ रोबेर्ट बन्सन यांनी १८६७ मध्ये केला. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणासाठी त्यांना दर सेकंदास सु. ३४ मी. इतका वेग आढळला, तर कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन यांच्या मिश्रणासाठी तो दर सेकंदास १ मी.पेक्षाही कमी भरला. वायूंच्या स्फोटाचा वेग एवढाच असतो, अशी समजूत त्यामुळे काही काळ रूढ झाली. खाणींत आढळणारा विध्वंस मात्र या आकड्यांशी जुळत नव्हता.

प्रस्फोटन तरंगाचा शोध : फ्रान्समध्ये खाणींतील ज्वालाग्राही वायूच्या चौकशीसाठी १८७७ मध्ये एक आयोग नेमण्यात आला. त्याच्या कामाच्या ओघात पॅरिसच्या खाणविद्यालयातील एर्नेस्त मालार व आंरी ल शातल्ये यांनी वायूच्या ज्वलनाचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. त्याच सुमारास मार्सलँ बेर्तलो व पॉल व्ह्येय हे स्फोटक द्रव्यांच्या अभ्यासातून याच प्रश्नाकडे वळले होते. १८८१ मध्ये या दोन्ही जोड्यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, लांब नळीत भरलेल्या मिश्रणाच्या एका टोकाला ठिणगी दिली, तर काही अंतर गेल्यावर ज्वालेचा वेग एकाएकी प्रचंड वाढतो आणि त्यानंतर तो स्थिर राहतो. हायड्रोजन–ऑक्सिजन मिश्रणासाठी बेर्तलो व व्ह्येय यांना हा वेग दर सेकंदास सु. २,८१० मी. आढळला. तो नळी कशाची आहे किंवा किती लांब आहे यावर अवलंबून नसतो. तो मिश्रणाच्या घटकांवरून ठरतो, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

मालार व ल शातल्ये यांनी फिरत्या दंडगोलावर बसविलेल्या प्रकाशसंवेदी कागदावर ज्वालेच्या हालचालीची नोंद घेतली. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत ज्वालेचे टप्पे स्पष्ट दिसतात. नळीच्या उघड्या तोंडाशी मिश्रण पेटविले, तर ज्वाला प्रथम एकसारख्या संथ वेगाने जाते, नंतर ती मागेपुढे आंदोलू लागते आणि शेवटी एक तर विझते किंवा प्रस्फोटनात बदलते. बंद टोकाशी पेटविले, तर आरंभापासूनच तिचा वेग वाढत जातो, कारण जळालेल्या वायूला प्रसरणासाठी मागे वाव नसतो व तो पुढील वायूला ढकलतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील हॅरल्ड डिक्सन यांनी १८९३ मध्ये अनेक मिश्रणांच्या प्रस्फोटन वेगांची अचूक मापने प्रसिद्ध केली. पुढे १९०३ मध्ये त्यांनी हलत्या फिल्मवर घेतलेल्या छायाचित्रांत, प्रस्फोटन सुरू होते त्या क्षणी एक तरंग पुढे आणि दुसरा जळालेल्या वायूतून मागे जातो, असे आढळून आले. प्रस्फोटनाचा उगम ज्वालेच्या नेमक्या पृष्ठभागात नसून तिच्या पुढील भागात होत असावा, असा तर्क करण्यास त्यामुळे आधार मिळाला.

उपपत्तीचा विकास : आघात तरंगाविषयी रँकिन (१८७०) व ह्यूगोन्यो (१८८७–८९) यांनी मांडलेल्या समीकरणांचा उपयोग करून प्रस्फोटनाचा वेग गणिताने काढता येतो, हे रशियातील मिखेल्सन, इंग्लंडमधील डी. एल्. चॅपमन (१८९९) व फ्रान्समधील एमील झूगे (१९०५–०६) यांनी स्वतंत्रपणे दाखविले. जळालेला वायू तरंगाच्या सापेक्ष बरोबर ध्वनिवेगाने मागे जात असेल, तरच तरंग स्थिर राहतो, ही त्यांची अट चॅपमन–झूगे अट म्हणून ओळखली जाते. तिच्यावरून काढलेले वेग प्रयोगांतील वेगांशी एक-दोन टक्क्यांच्या फरकाने जुळतात. या उपपत्तीप्रमाणे हायड्रोकार्बन व हवा यांच्या मिश्रणात प्रस्फोटनाचा दाब मूळ दाबाच्या सु. १५ ते १८ पट होतो. तेच मिश्रण बंद पात्रात साध्या ज्वालेने जळाले, तर दाब सु. ८ पट होतो आणि उघड्यावर व अडथळ्यांविना जळाले, तर दाब जवळजवळ वाढतच नाही.

झेल्डोव्हिच (१९४०), फोन नॉयमान (१९४२) व डोरिंग (१९४३) यांनी तरंगाच्या अंतर्रचनेचे चित्र पूर्ण केले : पुढे आघात तरंग, त्याच्यामागे तापलेला परंतु अद्याप न पेटलेला पट्टा व त्याच्यामागे ज्वलनाचा पट्टा. प्रत्यक्षात तरंगाचा पुढचा भाग एवढा सपाट नसतो. कॅम्बेल व वुडहेड यांना १९२६–२७ मध्ये काही मिश्रणांत प्रस्फोटन नळीच्या कडेने मळसूत्राप्रमाणे फिरत जाताना आढळले. १९५९ मध्ये डेनिसॉव्ह व ट्रॉशिन या रशियन संशोधकांनी नळीच्या आतील पृष्ठभागावर काजळी धरली व प्रस्फोटनानंतर तीवर माशाच्या खवल्यांसारखी जाळी उमटलेली दाखविली. या खवल्याची रुंदी मिश्रणाच्या संवेदनशीलतेचे माप ठरली आहे. हवेबरोबरच्या योग्य प्रमाणातील मिश्रणात ती ॲसिटिलिनासाठी सु. १ सेंमी., हायड्रोजनासाठी सु. १·५ सेंमी., प्रोपेनासाठी ५ ते ७ सेंमी. आणि मिथेनासाठी सु. ३० सेंमी. असते. ही रुंदी जितकी लहान, तितके ते मिश्रण प्रस्फोटनास अनुकूल असते.

ज्वालेच्या वेगवाढीची कारणे : वरील उपपत्ती प्रस्फोटन एकदा सुरू झाल्यानंतरचे वर्णन करते, ते सुरू कसे होते, हे ती सांगत नाही. ज्वालेतून निघणारा वायू मूळच्या सु. ७ ते ८ पट आकारमानाचा होतो व पुढील न जळलेल्या वायूला रेटतो. हा रेटलेला वायू भिंतींवरून व अडथळ्यांवरून वाहताना संक्षुब्ध होतो. संक्षुब्ध वायूत शिरलेल्या ज्वालेचा पृष्ठभाग सुरकुततो, त्याचे क्षेत्रफळ वाढते आणि दर सेकंदास अधिक वायू जळतो. त्यामुळे प्रसरण वाढते, प्रवाह अधिक वेगवान होतो व संक्षोभ आणखी तीव्र होतो. अशा रीतीने प्रत्येक परिणाम आपल्याच कारणाला बळ देतो. ज्वालेपुढे निघालेले दाबतरंग एकमेकांस गाठून आघात तरंग बनतो व त्यामुळे न जळलेला वायू आधीच तापतो. ज्वालेचा वेग दर सेकंदास शेकडो मीटर झाला म्हणजे ज्वाला व आघात तरंग यांच्यामध्ये, बहुधा भिंतीलगत, एखादा लहानसा भाग आपोआप पेटून स्फोट पावतो आणि त्यातून प्रस्फोटन जन्म घेते. या क्षणी दाब चॅपमन–झूगे मूल्याच्याही बराच वर जातो. म्हणून स्फोटानंतर नळाचा सर्वांत फाटलेला भाग पुष्कळदा ठिणगीच्या जागी न सापडता तिच्यापासून दूर सापडतो. ठिणगी कोठे पडली हे शोधणाऱ्या तपासकाची त्यामुळे दिशाभूल होण्याचा संभव असतो.

अडथळ्यांचे महत्त्व १९२६ मध्ये इंग्लंडमधील डब्ल्यू. आर्. चॅपमन व आर्. व्ही. व्हीलर यांच्या प्रयोगांतून प्रथम ठळकपणे पुढे आले. ५ सेंमी. व्यासाच्या नळीत मध्यभागी भोक असलेल्या चकत्या बसविताच मिथेन–हवा मिश्रणातील ज्वालेचा वेग दर सेकंदास सु. ४२० मी.पर्यंत गेला. सोव्हिएट शास्त्रज्ञ श्चेल्किन यांनी १९४० च्या सुमारास नळीत तारेचे वेटोळे घालून प्रस्फोटनासाठी लागणारे अंतर पुष्कळ कमी होते, असे दाखविले व संक्षोभाच्या आधारे त्याचा अर्थ लावला. १९६६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऊर्टिएफ व ओपेनहाइम यांनी लेसरच्या साहाय्याने घेतलेल्या क्षणचित्रांत प्रस्फोटनाच्या जन्माचा तो लहानसा स्फोट प्रत्यक्ष टिपला. त्यांनी त्यास 'स्फोटातील स्फोट' असे नाव दिले. असा लहान स्फोट आघात तरंगाला क्रमाक्रमाने बळ कसे पुरवितो, याची उपपत्ती झेल्डोव्हिच (१९७०) आणि कॅनडातील जे. एच्. एस्. ली व त्यांचे सहकारी (१९७८) यांनी मांडली. ली यांच्या गटाने १९८० मध्ये असेही दाखविले की, दोन बाजूंनी बंदिस्त पण कडेने मोकळ्या जागेत साधे अडथळे रचले, तरी मिथेन–हवा ज्वालेचा वेग वीस पटींहून अधिक वाढतो.

उघड्यावरील वायुमेघ : बंद नळीबाहेर, मोकळ्या हवेत पसरलेला वायू केवळ भडकून जळतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. अमेरिकेतील मिसूरी राज्यात पोर्ट हडसन येथे ९ डिसेंबर १९७० रोजी नळमार्गातून गळलेल्या प्रोपेनचा मेघ प्रस्फोट पावला. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनच्या मेघाच्या स्फोटात २८ माणसे दगावली व कारखाना उद्ध्वस्त झाला. त्यानंतर हा समज मागे पडला. नळ, टाक्या, खांब व जिने यांची दाटी असलेला कारखाना हाच ज्वालेचा वेग वाढविणारा अडथळ्यांचा संच असतो, हे मान्य झाले. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील साठवण केंद्रात ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलची टाकी भरून वाहू लागली. तेथील स्फोट मात्र यंत्रसामग्रीच्या दाटीत झाला नाही. रस्त्याकडेच्या झाडाझुडपांच्या ओळीत ज्वालेचा वेग वाढत गेला असावा, असे चौकशीत दिसून आले. बारीक फांद्या व पाने प्रयोगनळीतील चकत्यांचेच काम करतात, ही गोष्ट सुरक्षिततेच्या दृष्टीने नवी होती.

भारतातील व महाराष्ट्रातील अनुभव : भारतात खाणींतील स्फोटांनी मोठी मनुष्यहानी झाली आहे. पोईडीह येथे १९३६ मध्ये २०९, चिनाकुडी येथे १९ फेब्रुवारी १९५८ रोजी सु. १७५ आणि धोरी येथे २८ मे १९६५ रोजी २६८ कामगार मृत्यू पावले. मिथेनच्या ज्वालेचा वेग वाढला म्हणजे तिच्यापुढील वाऱ्याने कोळशाची धूळ उडते व ती पेटून स्फोट दूरवर पसरतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रासह विदर्भातील खाणी चालविणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. वापरून संपलेले खाणीचे भाग भिंती बांधून बंद करण्याची पद्धत सर्वत्र आहे. या भिंतींनी किती दाब सोसावा, हा प्रश्न अमेरिकेतील सेगो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी १२ कामगार दगावल्यावर पुन्हा पुढे आला. तेथील भिंती सु. १·४ वातावरण दाबासाठी बांधलेल्या होत्या. प्रत्यक्ष दाब त्याच्या कितीतरी पट होता. त्यानंतर १०५ सेंमी. व्यासाच्या व ७३ मी. लांबीच्या नळीत केलेल्या प्रयोगांत मिथेन–हवा मिश्रणाचे प्रस्फोटन घडवून आणण्यात आले. लहान नळ्यांत ते होत नसल्याने खाणीतही होणार नाही, हा दिलासा त्यामुळे नाहीसा झाला.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी गळलेल्या इथेन व प्रोपेन वायूंचा मेघ पेटून झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. राजस्थानात जयपूरजवळील इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलच्या बाष्पाचा मोठा मेघ स्फोट पावून ११ माणसे दगावली. तेथे दूरवर पसरलेल्या नुकसानीच्या खुणांवरून हे मेघाचे प्रस्फोटन असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. आगीचे प्रस्फोटनात रूपांतर घन स्फोटक द्रव्यांतही घडते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात कापूस व स्फोटके एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरील आग काही काळ धुमसत राहिली व दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत शेकडो लोक मृत्यू पावले. तेथील क्रिया वायुमिश्रणातील क्रियेहून वेगळी असली, तरी संथ आगीवरून पुढच्या क्षणाचा अंदाज करता येत नाही, हा धडा दोहोंत समान आहे.

व्यावहारिक उपयोग : ज्वालाग्राही वायू व द्रव यांच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक द्रव्ये सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नागपूर–अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) यासारख्या वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावीही हा विषय दूरचा नाही. शेणापासून मिळणाऱ्या गोबर गॅसमध्ये मिथेन निम्म्याहून अधिक असतो. मिथेन–हवा मिश्रणाच्या खवल्याची रुंदी मोठी असल्यामुळे घरगुती गॅसच्या बारीक नळीत त्याचे प्रस्फोटन होत नाही. तथापि ज्वाला नळीतून मागे जाऊन गॅस साठविणाऱ्या भांड्यात शिरू शकते, म्हणून नळीत जाळी बसवितात. याउलट वेल्डिंगच्या दुकानात वापरले जाणारे ॲसिटिलीन ऑक्सिजनात मिसळले, तर रबरी नळीइतक्या अरुंद जागेतही प्रस्फोटन होऊ शकते. ऑक्सि-ॲसिटिलीन ज्वालेचे उच्च तापमान १८९५ मध्ये ल शातल्ये यांनीच दाखवून दिले होते. कॅल्शियम कार्बाइडापासून ॲसिटिलीन तयार करण्याच्या उपकरणात ज्वाला मागे फिरू नये म्हणून पाण्याचा अडसर ठेवतात. तो कोरडा पडू देणे, हा केवळ निष्काळजीपणा नसून प्रस्फोटनास वाट करून देणे होय.

नळमार्गांवरील ज्वालारोधकांच्या निवडीतही हेच तत्त्व लागू पडते. साध्या ज्वालेसाठी बनविलेला रोधक संभाव्य ठिणगीच्या जागेजवळच बसवावा लागतो. लांब नळाच्या दूरच्या टोकाला तो बसविला, तर तेथे पोहोचेपर्यंत ज्वालेचा वेग इतका वाढतो की, रोधक निकामी ठरतो; अशा ठिकाणी प्रस्फोटन सोसू शकणारा वेगळा रोधक लागतो. कारखान्यांची मांडणी मोकळी ठेवणे, नळांची दाटी टाळणे, साठवण केंद्राच्या कुंपणालगत दाट झुडपे वाढू न देणे आणि गळती ताबडतोब लक्षात येईल अशी व्यवस्था करणे, हे उपाय याच अभ्यासातून पुढे आले आहेत. फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात मार्च २०११ मध्ये झालेल्या हायड्रोजनाच्या स्फोटांनंतर अशा केंद्रांतील हायड्रोजन साचू न देण्याकडेही अधिक लक्ष देण्यात येऊ लागले. इंधन म्हणून हायड्रोजनाचा वापर वाढत असल्याने हा प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे, कारण हवेत ४ ते ७५ टक्के अशा विस्तृत मर्यादेत तो पेटतो व त्याची ज्वाला मिथेनच्या ज्वालेपेक्षा कितीतरी वेगवान असते.

प्रस्फोटनाचा वेग व दाब गणिताने अचूक सांगता येत असले, तरी दिलेल्या जागेत ज्वाला नेमकी कोठे व केव्हा प्रस्फोटनात बदलेल, हे आधी निश्चितपणे सांगता येत नाही. एकाच नळीत, एकाच मिश्रणात, एकाच रीतीने केलेल्या लागोपाठच्या प्रयोगांतही हे अंतर थोडेफार बदलते, कारण संक्षोभाचा प्रत्येक तपशील पुन्हा तसाच घडत नाही. म्हणूनच सुरक्षिततेचे नियम प्रस्फोटन होणार नाही असे गृहीत धरून न करता ते होऊ शकते असे धरून करावे लागतात.